मुलांना वर्षभराचे ज्यू सण कसे शिकवता? (एका बेने इस्राएल घरातून)

खाडीकाठची | १८ जानेवारी २०२६

नमस्कार. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा साडेपाचचा. गेल्या सप्टेंबरात थोरलीला शाळेत ‘माझा आवडता सण’ असा निबंध आला. तिने दिवाळीवर लिहिला. दिवाळी तिला खरंच आवडते, शेजारी फराळ करतात तेव्हा चकल्या पाडायला ही पुढे असते, त्यामुळे त्याचं मला काहीच वाटलं नाही. पण नंतर ती म्हणाली, “आपल्या सणांची नावं बाईंना कळली नसती, म्हणून नाही लिहिलं.” ते मात्र मनात राहिलं.

त्या रात्री तिला सणांची नावं विचारली. रोश हशाना, योम किप्पूर, हनुक्का, पुरीम, पेसाह. सगळी बरोबर. पण यातलं एकही नाव माझ्या आजीच्या तोंडी नसायचं. ती रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणायची, योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’, पुरीमला ‘होळीचा सण’, पेसाहला ‘अनाशी ढाकायचा सण’, आणि आव महिन्याच्या नवमीच्या उपासाला ‘बिरड्याचा सण’. कोकणात शेकडो वर्षं हिब्रू पुस्तकं हाताशी नसताना आपल्या माणसांनी सण असे लक्षात ठेवले. त्या दिवशी घरात काय करायचं, तेच सणाचं नाव. मुलीला मी सगळं शिकवलं आणि नेमकं हेच द्यायचं राहून गेलं.

म्हणून यंदा ठरवलं, की प्रत्येक सणाला दोन्ही नावं सांगायची आणि मुलांच्या हाताला खरं काम द्यायचं. चित्र रंगवण्याचं नव्हे, ज्याच्यावाचून सण अडेल असं. चार महिने झाले. काय जमलं आणि काय नाही ते सांगते, तुम्हीही सांगा.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदलायचं काम थोरलीचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, त्याला ती आधी नाक मुरडत होती. मग वाटणं, गाळणं, चीक खाली बसू देणं. हलवा नारळाच्या दुधातला. गायीचं दूध का नाही, हे तिने स्वतःहून विचारलं आणि तिथेच मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा नियम सांगून झाला. जेवणात मटण असतं, मग गोड दुधाचं कसं चालेल? कोकणात नारळ होता, म्हणून आपलं प्रत्येक गोड नारळाच्या दुधात उतरलं. कश्रूतचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या या नियमांचा, धडा एरवी दोनदा घेतला होता, तो डोक्यात राहिला नव्हता. हलवा ढवळताना राहिला.

शोफार ऐकायला सिनेगॉगमध्ये गेलो. धाकटा दचकला, माझा हात घट्ट धरला. घाबरायचं नाही असं मी त्याला सांगितलं नाही. एडक्याच्या शिंगाचा तो आवाज माणसाला हलवण्यासाठीच असतो.

दारफाळणी मुलांसाठी सर्वात अवघड वाटली होती. उपास मोठ्यांचा, मुलीवर बाराव्या वर्षी आणि मुलावर तेराव्या वर्षी बंधन येतं, मग लहानांनी दिवसभर करायचं काय? आजीच्या नावानेच वाट दाखवली. तिच्या लहानपणी गावात त्या दिवशी घराची दारं लावून घेत, पांढरे कपडे घालून माणसं आत बसत, बाहेरच्या कुणाला शिवत नसत. आम्ही आदल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत दार लावलं आणि कडी धाकट्याच्या हाताने घातली. त्याआधी त्याला विचारलं, “दार लावण्याआधी कुणाची माफी मागायची राहिली आहे का?” तो खालच्या मजल्यावर जाऊन मित्राची मोडलेली गाडी परत देऊन आला. दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’ही केला. जुनी माणसं त्या दिवशी दानधर्म करत आणि एकमेकांच्या घरी जात.

फसलं ते सुक्कोत. बाल्कनीत झावळ्यांचा मांडव घातला, मुलांनी पेरू-डाळिंबं टांगली, आणि मग माझ्या वडिलांनी शांतपणे वर बोट दाखवलं. वर दुसऱ्या मजल्याची बाल्कनी! सुक्काच्या, म्हणजे या मांडवाच्या, छपरातून आकाश दिसलं पाहिजे, वर पक्कं छत चालत नाही. मुलं हिरमुसली. सिनेगॉगच्या अंगणातल्या मांडवात गेलो तेव्हा धाकट्याने आधी मान वर करून चांदणी दिसते का ते पाहिलं. आता तो नियम त्याला जन्मभर सांगावा लागणार नाही.

पुढे तू बिशवात (१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी), मग पुरीम, पेसाह. तुमच्या घरी काय करता?

पेणची_सून | १८ जानेवारी

आम्ही ज्यू नाही, पण सासरच्या आळीत बेने इस्राएलांची दोन घरं होती. सासूबाई त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्याकडून मलिद्याचं ताट यायचं, पोहे आणि खोबरं. कशासाठी ते आम्हाला कधी कळलं नाही, आम्ही प्रसाद म्हणून खायचो. सांगाल का?

खाडीकाठची | १८ जानेवारी

ताई, तुमची ही आठवण मी मुलांना वाचून दाखवली. शब्बाथ म्हणजे काय ते ‘शनिवारी घाणा बंद’ याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

मलिदा एलियाहू हन्नबींच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, नावाने करतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात, आणि तू बिशवातला. ती शेवाट महिन्याची पौर्णिमा, झाडांचा वाढदिवस. जुनी माणसं त्याला ‘एलियाहू हन्नबींचा उरूस’ म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू हन्नबी तिथे उतरले आणि तिथूनच रथातून स्वर्गात गेले, खडकावरच्या खुणा त्याच्याच, अशी आपल्यात श्रद्धा आहे. लोक आजही तिथे नवस फेडायला जातात.

पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-पिस्ते. ताटात मधोमध रास, भोवती फळं, बाजूला गुलाब. आधी वासाचा आशीर्वाद, मग फळांचे. इथे मुलांसाठी सुंदर खेळ आहे. झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हा-एत्स’ म्हणायचं आणि जमिनीतून येणाऱ्याला ‘बोरे पेरी हा-अदामा’. मुलांपुढे खजूर, चिकू, काकडी, केळं ठेवा आणि विचारा, कुणाला काय? केळ्यावर सगळे चुकतात. केळ हे झाड नव्हेच. घड उतरला की खोड मरतं आणि कंदातून नवं येतं, म्हणून केळ्याला ‘अदामा’. कोकणातल्या मुलाला हे परसात दाखवता येतं.

अश्दोदकर | १९ जानेवारी

शालोम आणि नमस्कार. मी मूळचा रोह्याकडचा, साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इथे इस्राएलमध्ये आलो. तुम्ही लिहिलेली नावं वाचून बराच वेळ बसून राहिलो. बिरड्याचा सण हा शब्द मी आईनंतर ऐकला नव्हता. ती उपासाच्या जेवणाला जमिनीवर बसवायची, केळीच्या पानावर भात आणि वालाचं बिरडं. यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचं सुतक आहे, पाटावर बसायचं नाही, एवढंच सांगायची.

इथे उलटी अडचण आहे. नातवंडांना सण शिकवावे लागत नाहीत, रस्ताच शिकवतो. किप्पूरला गाड्या बंद असतात आणि मोकळ्या रस्त्यावर मुलं सायकली फिरवतात. पण आपले सण कोकणातून चालत आले हे त्यांना ठाऊक नाही. मलिदा मात्र टिकला. लोद, रामला, दिमोना, बेरशेबा, जिथे आपली माणसं आहेत तिथे मेंदीला आणि घरभरणीला मलिदा होतोच.

एक गोष्ट जुन्या माणसाची म्हणून सांगतो. ‘होळीचा सण’, ‘उरूस’, ‘रोजा’ ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीतल्या काहींनी मुद्दाम टाकून दिली. त्यांना वाटे, या शब्दांमुळे लोक आपल्याला खरे यहुदी मानणार नाहीत. त्यांना ते दुःख होतं, आणि ते खोटं नव्हतं. तुम्ही मुलांना ही नावं देता तेव्हा हेही कधीतरी सांगा, थोडी मोठी झाल्यावर.

खाडीकाठची | १९ जानेवारी

काका, सांगेन. माझ्या वडिलांनाही हा प्रश्न पडतो. मला वाटतं दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवावीत. हिब्रू नावाने माझी मुलगी जगातल्या कुठल्याही सिनेगॉगमध्ये ओळखीची होते, आणि मराठी नावाने ती नवगावच्या किनाऱ्याशी जोडलेली राहते, जिथे गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण सुरू झालो असं आपण मानतो.

बिरड्याचं लिहिलंत त्याबद्दल आभार. जुलैत करेन, पाटाशिवाय.

पंचांगवाला | २० जानेवारी

हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो. मुलांना दोन कॅलेंडरं शेजारी लावून दाखवा. ज्यू महिनाही चंद्राचा आणि अमावास्येनंतर सुरू होणारा, त्यामुळे त्यांची १५ तारीख म्हणजे आपली पौर्णिमा. २०२५ साल बघा. १३ मार्चला आपली होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम लागला. १२ एप्रिलला हनुमान जयंती, त्याच संध्याकाळी पेसाह. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी रोश हशाना. ६ ऑक्टोबरला कोजागरी आणि सुक्कोतची पहिली रात्र. चंद्र एकच आहे!

चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी. ती तूट भरायला दोघांकडेही अधिक महिना आहे, १९ वर्षांत ७ वेळा. फरक असा की त्यांचा जादा महिना नेहमी अदारच असतो, आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. म्हणून मधूनमधून दोन्ही पंचांगं महिनाभर सुटतात. यंदा मे-जूनमध्ये आपला अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२६ चा रोश हशाना नवरात्रात येणार नाही, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी येईल, गणपतीच्या तीन दिवस आधी. सुक्कोत अनंत चतुर्दशीला लागेल. पुढे त्यांचा दुसरा अदार येईल आणि मार्च २०२७ मध्ये होळी आणि पुरीम परत एका दिवशी.

तुमच्या आजींच्या ‘होळीचा सण’ या नावामागे एवढं आकाश आहे.

खाडीकाठची | २० जानेवारी

हे वाचून थोरलीने भिंतीवर दोन पट्ट्या लावल्या आहेत, वर तिश्री ते एलुल आणि खाली चैत्र ते फाल्गुन, मध्ये दोरा. अधिक ज्येष्ठाला दोरा तिरका जातो ते तिला फार आवडलं.

जर्सी_मराठी | २३ जानेवारी

आम्ही न्यू जर्सीत. इथल्या बऱ्याच शाळांना रोश हशाना आणि योम किप्पूरला सुट्टी असते. मुलाने विचारलं तेव्हा मी “ज्यू लोकांचा न्यू इयर” म्हणून विषय संपवला होता. मराठी बोलणारे ज्यू शेकडो वर्षं कोकणात आहेत हे त्याला या धाग्यावरून वाचून दाखवलं. तो वर्गात सांगणार म्हणतो. एक प्रश्न: हनुक्का म्हणजे ज्यूंची दिवाळी, असं सांगितलं तर चालेल ना? दोन्हीकडे दिवे.

खाडीकाठची | २३ जानेवारी

दिव्यांमुळे तसं वाटणं साहजिक आहे, पण मुलाला तसं सांगू नका, गोष्ट निसटते. अँटिओकस राजाने यरुशलेमच्या मंदिरात दुसऱ्या देवतेची पूजा सुरू केली आणि शब्बाथ पाळायला बंदी घातली. मक्काबी भावांनी लढून मंदिर परत घेतलं आणि शुद्ध केलं, इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास. एका दिवसाचं पवित्र तेल आठ दिवस पुरलं. म्हणून पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे आठपर्यंत, आणि ते लावायला नववा दिवा, शम्माश. आपल्याला आपल्यासारखं राहू द्या एवढीच मागणी करणाऱ्या लहान समाजाची ती गोष्ट आहे. माझ्या मुलीच्या निबंधाची गोष्ट मला त्यात दिसते.

आणखी एक. बेने इस्राएलांना हनुक्का मुळात माहीतच नव्हता. आपले पूर्वज हा प्रसंग घडायच्या आधीच निघाले होते, म्हणून तो सण त्यांच्या गाठोड्यात नव्हता, असं आपल्यात सांगतात. तो पुढे शिकलो, कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून आणि इतरांकडून. त्यामुळे याला आजीच्या बोलीत नाव नाही. थोरलीने विचारलं, “मग आपण ठेवूया?” तिने ठेवलेलं नाव ‘पुरलेल्या तेलाचा सण’.

हात कामाला लागावेत म्हणून आठ पणत्या आणि एक उंच पणती, खोबरेल तेल, वाती धाकट्याने वळलेल्या. हनुक्काला मुलं खेळतात त्या भोवऱ्यावर चार हिब्रू अक्षरं असतात, नून, गीमल, हे, शीन. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या वाक्याची आद्याक्षरं. इस्राएलमधल्या भोवऱ्यावर शेवटचं अक्षर पे असतं, कारण त्यांच्यासाठी तो चमत्कार ‘इथे’ घडला. अश्दोदकर काकांच्या नातवंडांचा भोवरा आणि आमचा भोवरा एका अक्षराने वेगळा!

बालवाडीताई | २५ जानेवारी

तीस वर्षं बालवाडी चालवली. माझ्या अनुभवाचं सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट एकदाच सांगून पुरत नाही. तीच गोष्ट त्याच शब्दांत, त्याच जागी बसून, दरवर्षी. तुमची आजी ‘दारं लावायची’ एवढंच सांगायची, ते योग्यच होतं. त्यामागचं कारण वयाप्रमाणे वाढवत न्यावं. आणि पुस्तकातली बर्फाची, मेणबत्त्यांची चित्रं दाखवू नका. मुलाला वाटतं हा सण दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

दुसरं, मुलाला शाळेत एकटं सांगायला लावू नका. तुम्ही स्वतः वर्गात या, ताट घेऊन या. आमच्या बालवाडीत एक आई मलिदा घेऊन आली होती. तिने सगळ्या मुलांना गुलाबाचा वास घ्यायला लावला आणि वासाचा आशीर्वाद म्हणायला लावला. पुढे कितीतरी दिवस मुलं फुलाचा वास घेताना तो आशीर्वाद म्हणत होती.

खाडीकाठची | ३ फेब्रुवारी

ताई, तुमचं ऐकलं. काल थोरलीच्या वर्गात ताट घेऊन गेले. केळ्याचा प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग चुकला, तेव्हा तिने फळ्यावर केळीचा कंद काढून समजावलं. बाईंनी नंतर विचारलं, “हे आधी का नाही सांगितलंस?” ती काही बोलली नाही, पण घरी आल्यावर बराच वेळ वर्गातलंच सांगत होती.

लाल_देवळाजवळ | ४ फेब्रुवारी

पुण्यात कॅम्पात ओहेल डेव्हिड सिनेगॉग आहे, १८६७ चं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. सगळे त्याला लाल देऊळ म्हणतात. मी ज्यू नाही, पण मुलांना आतून दाखवायची इच्छा आहे. जाता येतं का? आणि मुंबईत?

खाडीकाठची | ४ फेब्रुवारी

सगळीकडे आधी फोन करून विचारा, ओळखपत्र न्या, मुलग्यांच्या डोक्यावर टोपी किंवा रुमाल असू द्या. शनिवारी आणि सणाच्या दिवशी फोटो काढू नका. दारात पोलीस दिसतील. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये जे झालं ते मुलं विचारतील. माझ्या मुलांना मी खरं तेच सांगितलं, थोडक्यात.

मुंबईत मांडवीच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचं शाआर हारहामीम बघाच, १७९६ चं. आपली माणसं सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत, हे त्यातलं पहिलं, म्हणून ‘जुनी मशीद’. ठाण्याचं शाआर हाशामाइम १८७९ चं. मुलांना न्यायला सर्वात चांगली रात्र सिम्हात तोराची. सगळ्या सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, बाहेर काढतात, लोक नाचतात, तोराचं शेवटचं पान वाचून लगेच पहिलं सुरू होतं. आम्ही लहानपणी त्या रात्री एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात असे फिरायचो, पाय दुखेपर्यंत.

आणि सुक्कोतला मुलांना चार वनस्पती दाखवा. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच फळ. नदीकाठचा वाळुंजही या चारांतल्या विलोच्याच कुळातला.

पेणची_सून | २८ फेब्रुवारी

पुरीम आला ना? त्या दोन घरांतून या दिवसांत पुरणपोळ्याही यायच्या. आमच्याही पोळ्या त्यांच्याकडे जायच्या. कुणाच्या कुठल्या सणाच्या, हे आम्ही कुणी विचारायचोच नाही.

खाडीकाठची | ४ मार्च

ताई, त्या पुरीमच्याच पोळ्या. पुरीमला ताट पाठवणं हा नियमच आहे, एका तरी माणसाला दोन तरी खाण्याच्या वस्तू, शिवाय गरिबाला दान. तुमच्या आळीत तो पाळला जात होता.

परवा रात्री मेगिला, म्हणजे पुरीमची गोष्ट सांगणारं एस्तेरचं पुस्तक, ऐकली. त्याचं पहिलंच वाक्य असं आहे, की अहश्वेरोश राजाचं राज्य होदूपासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर होतं. होदू म्हणजे हिंदुस्थान! थोरलीने त्या शब्दावर बोट ठेवून आजोबांकडे पाहिलं. गोष्टीतल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की गोंगाट करायचा असतो, त्यासाठी दोघांनी डब्यात वाल भरून खुळखुळे केले होते. धाकट्याने मोर्दखायच्या, म्हणजे चांगल्या माणसाच्या, नावालाही खुळखुळा वाजवला, त्याला दोन्ही नावं ‘म’ची वाटली. कुणी रागावलं नाही.

अश्दोदकर | ५ मार्च

पेसाहची तयारी सुरू केलीत का? आमच्याकडे आधी घराला चुना लागायचा आणि सगळी तांब्या-पितळेची भांडी कल्हईला जायची. कल्हईवाला आला की आम्ही मुलं त्याच्या भात्याभोवती. नवसागराचा तो धूर हा माझ्यासाठी पेसाहचा पहिला वास. ‘अनाशी ढाकायचा’ याचा अर्थ मुलांना सांगितलात का?

खाडीकाठची | ६ मार्च

सांगितला, काका. घरात आंबवणाचं एक मडकं असायचं, अनास, ते या दिवसांत झाकून ठेवायचं, असं जुन्या नोंदींत आहे. हामेत्स (आंबवलेलं) हा शब्द विसरला होता, मिसरमधून घाईघाईने निघाल्याची गोष्टही पुसट झाली होती, पण या आठवड्यात आंबवलेलं घरात उघडं ठेवायचं नाही हे बायकांच्या हातांनी सोडलं नाही. मला या नावाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

जर्सी_मराठी | ७ मार्च

मराठीतून पेसाहची पोथी असते का?

खाडीकाठची | ७ मार्च

हो, हागादा. मराठी हागादा १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. १८७४ ची पुण्याची तर सचित्र आहे आणि तिच्यात साडी नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे न आंबवलेली पोळी, करताना दाखवल्या आहेत. माझ्या मुलीने ते चित्र पाहिलं आणि म्हणाली, “ही तर आजीसारखी बसलीय.” ते चित्र आता फ्रिजवर आहे.

खाडीकाठची | १३ एप्रिल

उशीर झाला लिहायला. सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण, झाला.

कल्हईवाला शोधला, मिळाला. पातेलं आणि दोन ताटं केली. धूर धाकट्याला काकांसाठी बरणीत भरून ठेवायचा होता. मात्सा घरी केला. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटांच्या आत सगळं झालं पाहिजे, नाहीतर ते हामेत्स. थोरली घड्याळ घेऊन उभी, मी लाटतेय, वडील तव्यावर. दोन पोळ्या उशिरा झाल्या, त्या तिने बाजूला काढल्या आणि माझं काही ऐकलं नाही. ती बरोबरच होती. इस्राएल लोकांना कणीक फुगायला वेळ मिळाला नव्हता, हे वाक्य मी दरवर्षी वाचते, यंदा घरात सगळ्यांना घाम फुटला तेव्हा ते कळलं. भात आपल्याला या आठवड्यात चालतो, म्हणून मुलं उपाशी राहिली नाहीत.

द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचं सरबत केलं, आजी करायची तसं. मारोर, म्हणजे कडू भाजी, म्हणून लेट्यूस, हारोसेत या गोड चटणीसाठी खजुराचा पाक, मिठाचं पाणी. चार प्रश्न सर्वात धाकट्याने विचारायचे. मा निश्तना त्याने हिब्रूत पाठ केलं होतं, पण मध्येच अडला, डोळ्यांत पाणी आलं. मग माझे वडील हळूच म्हणाले, “आपल्या भाषेत विचार.” तो म्हणाला, “आजची रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का?” आणि पुढचे सगळे घडाघडा. शेवटी एक स्वतःचाही विचारला: “एलियाहू हन्नबींसाठी दार उघडलंय, मग दारफाळणीला ते कसे येतात?” वडिलांनी त्याला उत्तर दिलं नाही, जवळ घेतलं. आता आम्ही सगळे त्या प्रश्नावर आहोत.

अश्दोदकर | १३ एप्रिल

त्याला सांगा, अश्दोदचे आजोबाही विचार करताहेत. मनुका किती वेळ भिजवल्यात? नातीला करून दाखवायचंय.

खाडीकाठची | १३ एप्रिल

रात्रभर, काका. धुऊन, बुडतील त्याच्या दुप्पट पाण्यात. सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून पिळायच्या, चोथ्यात परत थोडं पाणी घालून दुसऱ्यांदा. साखर घालू नका, मनुकांची पुरते. पिळायचं काम नातीला द्या, हात दोन दिवस तांबूस राहतात.

आमच्याकडे आता ओमेर मोजणं सुरू आहे, पेसाहपासून पुढच्या सणापर्यंत, शावुओतपर्यंत, ४९ दिवस. रोज रात्री दोघं मिळून काचेच्या बरणीत गव्हाचा एक दाणा टाकतात आणि मोठ्याने आकडा म्हणतात. आत्ताच बारावा टाकला.